बुंदी, चॉकलेट आणि दिवाळीचे डबे

सातारा,
कोजागरी पौर्णिमा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बीगल कुत्रीचे, बुंदीचे फोटो मिळाले. ओवीच्या मांडीवर पसरून झोपलेली बुंदी बघून आई म्हणाली, घराला शोभा आली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर घाईघाईत द्यायचं नव्हतं, म्हणून आज दवाखाना आटोपल्यावर निवांत लिहायला बसलोय. तुमच्या सोसायटीतले लोक म्हणतात, चॉकलेटचा एक तुकडा खाल्ला तरी कुत्रं दगावतं. काकू म्हणतात, आपला वाघ्या एवढी चॉकलेटं खाऊन म्हातारा होऊन गेला, त्याला कधी काही झालं नाही. मग खरं काय, असं तू विचारलंस.

चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे, यात शंका ठेवू नकोस. पण किती विषारी, हे कुत्र्याच्या वजनावर आणि चॉकलेटच्या जातीवर ठरतं. हा हिशेब माहीत नसल्यामुळे एक घर उगाच रडारड करतं आणि दुसरं घर हातातली वेळ घालवतं. मला भीती दुसऱ्या घराची वाटते.

कोकोच्या बीत थिओब्रोमीन नावाचं द्रव्य असतं. कॅफिनचं सख्खं भावंडच म्हण ना. थोडं कॅफिनही त्याच्या जोडीला असतं. आपलं यकृत थिओब्रोमीन सात ते दहा तासांत निम्मं करतं. कुत्र्याला त्यासाठी सतरा-अठरा तास लागतात. म्हणजे आज संध्याकाळी खाल्लेलं उद्या दुपारीसुद्धा निम्मं अंगात असतं, आणि त्यावर कुणी पुन्हा एक तुकडा भरवला तर त्याची भर पडते. शरीराला ‘आता शांत हो’ सांगणारी जी यंत्रणा असते, तिलाच हे द्रव्य अडवतं. त्यामुळे हृदय धावत राहतं, स्नायू थरथरत राहतात, लघवी सुटत राहते.

आता आकडे. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम थिओब्रोमीन गेलं की उलट्या, जुलाब, तहान, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० ला हृदयावर परिणाम दिसतो. ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅममागे दोनेक मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये पाच-साडेपाच, आणि ७०-८५ टक्केवालं कडू चॉकलेट असेल तर आणखी जास्त. केकसाठी आणतात त्या बिनसाखरेच्या लादीत पंधराच्या आसपास. सगळ्यात वाईट कोको पावडर, ग्रॅममागे पंचविसाच्या वर. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ काहीच नसतं, पण त्यातली चरबी स्वादुपिंडाला सूज आणू शकते, म्हणून तेही नकोच.

बुंदी पाच किलोंची आहे म्हणालास. तिने ५० ग्रॅमची मिल्क चॉकलेटची वडी फस्त केली तर किलोमागे २० होतात, म्हणजे पोट बिघडेल आणि रात्र जागून काढावी लागेल. तेवढंच डार्क असेल तर आकडा ५५ वर जातो आणि तिला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावं लागतं. कोको पावडर असेल तर बारा ग्रॅम पुरतात, म्हणजे पोह्याचे दोन भरलेले चमचे. आणि बीगल मोजूनमापून खात नाही. नाकाला वास लागला की डब्याचं झाकण, पिशवी, चांदीचा कागद, सगळं पोटात. तो कागद आतड्यात अडकला तर वेगळंच संकट.

काकूंना वाघ्याचंही सांग. तो पंचवीस किलोंचा तरी होता. शाळेतून येताना आपण त्याला जे द्यायचो ते एक्लेअर, त्यात चॉकलेट नावापुरतं आणि बाकी साखर. अगदी दहा ग्रॅम मिल्क चॉकलेट धरलं तरी किलोमागे एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. काकूंनी पाहिलं ते खरंच आहे. पण ते वाघ्याबद्दल खरं आहे, त्यावरून बुंदीचं ठरवता येणार नाही.

गेल्या डिसेंबरातली एक केस सांगतो, म्हणजे मी एवढं का लिहितोय ते कळेल. सात किलोंचा पांढरा स्पिट्झ, ज्याला आपल्याकडे सगळे पॉमेरियनच म्हणतात. घरात मुलाच्या वाढदिवसाचा केक चालला होता. कोको पावडरचा डबा ओट्याच्या कडेवरून खाली पडला, आणि सगळे पाहुण्यांत असताना यानं फरशी चाटून स्वच्छ केली. रात्री तो घरभर पळत होता, सोफ्यावरून उड्या मारत होता, सारखं पाणी पीत होता. घरच्यांना वाटलं, पाहुणे आलेत म्हणून स्वारी खुशीत आहे. त्यांचा दोष नाही. अंगात आल्यासारखं वागणं हे या विषबाधेचं सुरुवातीचं एक लक्षण, आणि ते हुबेहूब आनंदासारखं दिसतं.

सकाळी आणला तेव्हा टेबलावर उभा राहवत नव्हता. मागचे पाय थरथरत होते, डोळे ताठ, जीभ बाहेर. छातीला स्टेथोस्कोप लावला तर ठोके मोजता मोजता चुकायला व्हावं इतकी घाई, मिनिटाला दोनशेच्या पुढे. ताप १०४ च्या वर. तोंडाला चक्क केकसारखा वास येत होता. सलाईन लावलं, थरथर थांबायचं इंजेक्शन दिलं, हृदय आवरायचं औषध दिलं. तो जरा सावरल्यावर कोळशाची भुकटी पाण्यात कालवून थोडी थोडी पाजली. ती एकदा देऊन भागत नाही. हे द्रव्य पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतं आणि पुन्हा रक्तात शिरतं, म्हणून कोळसा परत परत द्यावा लागतो. लघवीचंही तसंच. मूत्राशयाच्या भिंतीतून ते परत रक्तात जातं, म्हणून नळी घालून मूत्राशय रिकामं ठेवावं लागलं. या विषावर उतारा असं औषध नाही. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत जीव सांभाळायचा, एवढंच आपल्या हातात. तिसऱ्या दिवशी त्यानं दहीभात खाल्ला आणि माझ्या हाताला नाक लावलं. तो वाचला याचा मला अजूनही आनंद आहे, पण रात्रीच आणला असता तर त्याचे ते दोन दिवस वाचले असते.

म्हणून सांगतो, असं काही झालं तर लक्षणांची वाट बघू नकोस. ती दिसायला सहा ते बारा तास लागतात, आणि उलटी काढून सगळ्यात जास्त उपयोग होतो तो पहिल्या दोनेक तासांत. चॉकलेट पोटात गोळा होऊन बसतं, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी आम्ही प्रयत्न करतो, पण लवकर ते लवकर. फोन करताना चार गोष्टी सांग: वजन, कुठलं चॉकलेट, साधारण किती, आणि किती वाजता. रॅपर फाटलेलं असलं तरी घेऊन जा. त्यावरचा कोकोचा टक्का आम्हाला लागतो.

घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न मात्र चुकूनही करू नका. हा उपाय आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, आणि त्यानं मी कुत्री जास्त आजारी पडलेली पाहिली आहेत. रक्तातलं मीठ वाढलं की मेंदूवर परिणाम होतो आणि चॉकलेटनं येण्याआधी मिठानंच झटके येतात. घशात बोटं घालू नका. दुधानं, तुपानं चॉकलेट ‘उतरत’ नाही, उलट चरबीची भर पडते. उलटीचं इंजेक्शन डॉक्टरच देतील, आणि कुत्रं थरथरत असेल किंवा सुस्त झालं असेल तर तेही देणार नाहीत, कारण उलटी फुफ्फुसात जायची भीती असते.

तुम्ही दादरला आहात, त्यामुळे परळचं बैलघोडा हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. त्याच आवारातल्या, १८८६ पासून चालत आलेल्या व्हेटर्नरी कॉलेजात मी शिकलो, तेव्हा त्या जागेवर माझा जीव आहे. तरी आजच चौकशी करून ठेव की रात्री-अपरात्री तुमच्या भागात कोण बघतं. नंबर फ्रिजवर चिकटव. ऐन वेळी मोबाईलमध्ये शोधत बसायला नको.

आता दिवाळीचं. पूर्वी घरात लाडू-चिवड्याचे डबे यायचे, आता ऑफिसातून चॉकलेटचे येतात, आणि त्यातली निम्मी मनुका-बेदाणे घातलेली. सुहास, मला चॉकलेटइतकीच, किंबहुना जास्त काळजी त्या बेदाण्यांची वाटते. चॉकलेटचा निदान हिशेब मांडता येतो. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांचा तो मांडता येत नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोडक्यातच बसतात. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी मांडलं की दोष द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचा असावा. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंचेनंही कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं पुढे आली. तेव्हा आमटीचा भात कालवून देण्याआधी काकूंनी थांबावं. त्यांचं प्रेम मला माहीत आहे, माझ्या ताटातही त्यांनी आमटी कमी वाढलेली आठवत नाही. बुंदीला साधा भात, उकडलेलं अंडं, गाजर, भोपळा द्या. ती तेवढ्यावर खूश राहील.

अण्णांसाठी शुगर-फ्री गोळ्या, च्युइंगम आणत असशील तर पाठीमागची बारीक अक्षरं वाच. झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ती गोडी, लिहिलेलं असेल तर ते घरातच नको. त्यानं कुत्र्याची साखर अर्ध्या-एक तासात धाडकन उतरते आणि यकृतालाही धक्का बसू शकतो.

चॉकलेटचे डबे वरच्या फळीवर, दार लागणाऱ्या कपाटात. टीपॉयवर नको, ओवीच्या दप्तरात तर मुळीच नको. बीगलला चेन उघडता येते. आणि ओवीला रागावू नकोस. आपल्या खाऊतला वाटा द्यावासा वाटणारच तिला. बुंदीचा वेगळा खाऊचा डबा कर, त्यावर तिच्याच हातानं नाव लिहून घे, आणि त्यातलं रोज काय द्यायचं ते तिला ठरवू दे. पाहुण्यांना ‘हिला काही देऊ नका’ हे तीच माझ्या-तुझ्यापेक्षा ठामपणे सांगेल.

दर महिन्याला बुंदीचं वजन करून कॅलेंडरवर लिहीत जा. ओवीला उचलून काट्यावर उभा राहायचास तसंच, आधी तू एकटा, मग तिला घेऊन. पुढचं लसीकरण कधी आहे तेही कळव. भाऊबीजेला मी ताईकडे ठाण्याला येतोय, तेव्हा एक चक्कर तुमच्याकडे टाकीन आणि तिचे कान, दात बघून घेईन.

काकूंना आणि अण्णांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, ओवीला खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत