अण्णा, तुमच्या झेंड्यांच्या पिशवीबद्दल

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणता आणि विषय दुसरीकडे नेता. दोनदा असं झालं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आपल्या वाचनालयाच्या टेबलावर गेल्या आठवड्यापासून राष्ट्रध्वजांच्या सूचीची जाडजूड वही ठेवलेली आहे. ती चाळणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे की तिच्यामागे चौतीस वर्षं बोटीवर काढलेला एक सुकाणी आहे.

सुरुवात तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर सहावीतली एक मुलगी वाचनालयात स्टुलावर चढून भिंतीवरच्या तक्त्यात तिरंग्याच्या चक्राचे आरे मोजत होती. अठरा भरले. पाहिजेत चोवीस. ती खाली उतरली आणि मला म्हणाली, "ताई, आपलाच चुकलाय, मग बाकीचे बरोबर असतील कशावरून?" संध्याकाळी मी तो तक्ता उतरवून घरी नेला आणि एकेक झेंडा तपासत बसले. लीबिया अजून नुसता हिरवागार होता. तो झेंडा २०११ मध्येच गेला. म्यानमारचा २०१० च्या आधीचा. मॉरिटानियाला वरखाली तांबडे पट्टे नव्हते, ते २०१७ च्या सार्वमतानंतर आले. नेपाळचे दोन त्रिकोण बाकीच्यांच्या चौकटीत मावावेत म्हणून आडवे ताणलेले. या तक्त्यावरून मुलं वर्षानुवर्षं प्रश्नमंजूषेची तयारी करत होती, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

नवी सूची करायची हे त्याच रात्री ठरलं. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम आहे. वही आखली, पहिल्या पानावर "जगातील सर्व देशांचे राष्ट्रध्वज" असं ठळक लिहिलं, आणि कुणीतरी तुमचं नाव सांगितलं म्हणून तुमच्या पडवीत येऊन बसले. तुम्ही वही घेतलीत, चष्मा पुसलात आणि 'सर्व' या शब्दावर अंगठा ठेवलात. "हे कोण ठरवणार? तू?"

त्या एका प्रश्नाने माझे दोन महिने घेतले आणि ते सत्कारणी लागले. मी एका पुस्तकातून १९५ हा आकडा घेतला होता, दुसरीकडे १९७ दिसला होता. ऑलिंपिकच्या समित्या मोजल्या तर २०६ होतात आणि फिफाचे सदस्य २११, कारण तिथे स्कॉटलंड आणि वेल्सही वेगळे खेळतात. मी खरा आकडा शोधत होते. तुम्ही म्हणालात, आकडे सगळेच खरे आहेत, मोजणारा वेगळा आहे. "बंदरात शिरताना आम्ही जगातले देश मोजत नव्हतो. तिथल्या अधिकाऱ्याला कुठला झेंडा चालतो, एवढं विचारायचो." मग पहिल्या पानावरचं ते शीर्षक खोडलं. आता तिथे लिहिलं आहे: संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य देश आणि २ निरीक्षक, व्हॅटिकन व पॅलेस्टाईन. सगळ्यांत नवा सदस्य दक्षिण सुदान, जुलै २०११. तैवान, कोसोव्हो, ग्रीनलँड, हाँगकाँग हे दुसऱ्या भागात आले, आणि प्रत्येकाखाली एक ओळ की ते पहिल्या भागात का नाहीत. कोणाला देश म्हणायचं याचा निवाडा आमच्या वाचनालयाने केलेला नाही. कोणाची यादी धरली ते मात्र सांगितलं आहे. मुलांना एवढं पुरतं, हे मी स्वतः पाहिलं.

आता तुमच्या पिशवीकडे येते. ती जाड कापडाची, तोंडाला दोरी ओवलेली पिशवी तुम्ही माळ्यावरून काढलीत तेव्हा आत इतके झेंडे असतील असं मला वाटलं नव्हतं. परक्या बंदरात शिरताना त्या देशाचा झेंडा मानाने उजव्या बाजूला चढवायचा, आणि वाऱ्याने फाटले, उन्हाने विटले की ते बाद करायचे. ते बाद झालेले तुम्ही जपून ठेवलेत. त्यातून दोन काढलेत, एक डाव्या हातात, एक उजव्या. दोन्हींवर हिरवा, पांढरा आणि नारिंगी उभे पट्टे. दोन्ही एकाच मापाचे. मी माझ्या वहीत आयर्लंडपुढे लिहिलं होतं, "डावीकडून हिरवा, पांढरा, नारिंगी." तुम्ही तो झेंडा खिडकीच्या गजाला बांधलात आणि मला म्हणालात, "बाहेर अंगणात जा आणि तिथून वाच."

मी अंगणात गेले. डावीकडून नारिंगी, पांढरा, हिरवा. माझ्या वहीप्रमाणे तो आयव्हरी कोस्ट होता.

आत आल्यावर तुम्ही माझी बोटं धरून कापडाच्या कडेवरून फिरवलीत. एका कडेला दोरी शिवलेली, तिच्या वरच्या टोकाला लाकडाची गुल्ली, खालच्या टोकाला दोरीचा शेपटा. रात्री अंधारात झेंडा चढवायचा झाला तरी हाताला कळतं, काठीची बाजू कुठली आणि वर कुठलं. आयर्लंडच्या झेंड्यात हिरवा पट्टा दोरीला लागून, आयव्हरी कोस्टच्या झेंड्यात नारिंगी. हवेत झेंडा दोन्हीकडून दिसतो, त्याला डावं उजवं नसतं. त्या दिवशी घरी जाऊन मी वहीतला 'डावीकडून' हा शब्द एकूण एक ठिकाणी खोडला आणि 'काठीकडून' लिहिलं. सौदी अरेबियासारख्या झेंड्याला तर यामुळेच न्याय मिळाला. त्यावरचा कलिमा, म्हणजे इस्लामचं श्रद्धावचन, दोन्ही बाजूंनी सरळ वाचता यावा म्हणून झेंडा दुहेरी शिवतात. पॅराग्वेच्या दोन बाजूंना तर दोन वेगळी चिन्हं आहेत. म्हणून पुढची बाजू आणि मागची बाजू असे दोन रकाने आखले. बहुतेक देशांपुढे दुसरा रकाना रिकामा राहतो. राहू दे.

तारखेचा धडा मात्र मला जड गेला. पिशवीत तांबडा, पांढरा, काळा आणि मध्ये दोन हिरवे तारे असलेला एक झेंडा निघाला. मी हातासरशी म्हणाले, "सीरिया." तुम्ही म्हणालात, "हा मी १९६९ साली अलेक्झांड्रियाला चढवलाय." घरी येऊन शोधलं तेव्हा उलगडलं. १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरिया एक झाले तेव्हाचा हा झेंडा. १९६१ मध्ये ते वेगळे झाले, पण इजिप्तने तो १९७२ पर्यंत ठेवला. सीरियाने तोच १९८० मध्ये परत घेतला आणि डिसेंबर २०२४ पर्यंत वापरला. आता तिथे हिरवा, पांढरा, काळा आणि तीन तांबडे तारे आहेत. म्हणजे कापड एक आणि नोंदी तीन. नुसतं चित्र आणि त्याखाली नाव एवढ्यावर सूची कशी उभी राहील? त्यानंतर प्रत्येक नोंदीला 'केव्हापासून' हा रकाना आला, आणि वहीच्या पहिल्या पानावर ती कोणत्या तारखेपर्यंत तपासली ते. मलावीने २०१० मध्ये झेंडा बदलला आणि २०१२ मध्ये जुना परत आणला, तेसुद्धा या रकान्यात नीट बसलं.

याच ओघात तुम्ही एक गोष्ट सांगितलीत ती मला विसरता येत नाही. दक्षिण आफ्रिकेचा जुना, नारिंगी-पांढरा-निळा झेंडा पिशवीत का नाही, असं मी विचारलं. भारताने १९४६ पासून त्यांच्याशी व्यापारच बंद ठेवला होता, आपली बोट तिथे जातच नव्हती, म्हणालात. पिशवीत झाईरची (आताच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची) मशाल आहे, सोव्हिएत संघाचा विळा-हातोडा आहे, दक्षिण येमेनचा निळा त्रिकोण आहे. पण नेपाळ, चाड, बोलिव्हिया नाहीत, कारण त्यांना समुद्र नाही. आणि तुम्ही मला आपणहून बजावलंत की मापासाठी या पिशवीवर विसंबायचं नाही, कारण बोटीवरचे झेंडे सोयीसाठी एकाच मापात शिवून घेतात. ज्याने आयुष्यभर ते कापड हाताळलं त्यानेच त्या कापडाची मर्यादा सांगितली. म्हणून मापं मी त्या त्या देशाच्या नियमांवरून घेतली. कतार ११:२८, बेल्जियम १३:१५, स्वित्झर्लंड आणि व्हॅटिकन चौरस, मोनॅको ४:५ आणि अगदी तशाच तांबड्या-पांढऱ्याचा इंडोनेशिया २:३. आता वहीत सगळ्यांची उंची सारखी आहे आणि लांबी ज्याची त्याची. नेपाळ उभाच्या उभा, त्याच्या स्वतःच्या आकारात.

एका देशाचा झेंडा एकच असतो, हेही मी धरूनच चालले होते. भारतीय व्यापारी बोटीच्या मागच्या टोकाला तांबडा बावटा असतो आणि त्याच्या कोपऱ्यात तिरंगा, हे मला तुमच्याकडून कळलं. चौतीस वर्षं तुम्ही ज्याच्या सावलीत राहिलात तो हाच. नौदलाचं निशाण त्याहून वेगळं, २ सप्टेंबर २०२२ पासून त्यावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. स्वित्झर्लंडला समुद्र नसला तरी त्याच्या बोटी आहेत, आणि त्यांच्यावरचा झेंडा चौरस नसून लांबट आहे. जर्मनीचं सरकार आपल्या इमारतींवर गरुड असलेला झेंडा लावतं, लोक साधा लावतात. यातला कुठला घ्यायचा? तुम्ही विचारलंत, "वही कोण उघडणार?" सहावीतली मुलं. तर मग लोक लावतात तो मुख्य चित्रात, आणि सरकारी किंवा बोटीवरचा वेगळा असेल तर खाली लहान आकारात. हा निर्णय पाच मिनिटांत झाला. वाचणारा कोण हे आधी ठरलं होतं म्हणून झाला.

क्रम लावताना मी घुटमळत होते, कारण सगळीकडे अफगाणिस्तान ते झिंबाब्वे ही इंग्रजी ओळ ठरलेली. पण टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ग्रीसनंतरचे संघ जपानी अक्षरक्रमाने आले होते आणि बीजिंगला चिनी अक्षरांच्या रेघा मोजून. मग आपण आपल्या वर्णमालेने का नाही? तसंच लावलं. 'ऑ' 'ओ'च्या शेजारी बसवला. जुन्या नावांसाठी 'पाहा' अशी नोंद घातली: ब्रह्मदेश, पाहा म्यानमार. सिलोन, पाहा श्रीलंका. स्वाझीलँड, पाहा एस्वातिनी. ही जुनी नावं तुमच्याच तोंडून आली. आजीआजोबांकडून ऐकलेलं नाव घेऊन मूल आलं तर त्याला वाट सापडावी, हा त्यामागचा विचारही तुमचाच.

'याच्याशी गल्लत होते' हा शेवटचा रकाना मला सगळ्यांत प्रिय आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हैती आणि लिख्टेनस्टाइन या दोघांना कळलं की आपले झेंडे सारखेच आहेत, वर निळा, खाली तांबडा. पुढच्या वर्षी लिख्टेनस्टाइनने आपल्यावर मुकुट चढवला. चाड आणि रोमानियाचा प्रश्न अजून तसाच आहे. दोन्हींवर काठीकडून निळा, पिवळा, तांबडा, फरक फक्त निळ्याच्या छटेचा. मुलं हा रकाना आधी वाचतात.

एका नोंदीवर मात्र आपण तीन संध्याकाळी बसलो. अफगाणिस्तान. ऑगस्ट २०२१ पासून काबूलमध्ये पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा कलिमा आहे, आणि न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांसमोरच्या रांगेत अजून काळा-तांबडा-हिरवा तिरंगी. मी म्हणत होते एकच द्यावा, मुलांचा गोंधळ होईल. तुम्ही मान हलवत राहिलात. शेवटी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी घेतली, सारख्या आकाराची, आणि खाली लिहिलं की कुठला कुठे फडकतो. ती सहावीतली मुलगी परवा ते पान उघडून बराच वेळ बसली होती. मग तिने विचारलं, "ताई, म्हणजे तिथल्या मुली कुठला काढत असतील वहीत?" मला उत्तर देता आलं नाही. पण हा प्रश्न तिला त्या पानामुळे पडला, आणि ते पान तसं राहिलं तुमच्या हट्टामुळे.

अण्णा, तुमचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. तरी दर बुधवारी तुम्ही पडवीत पाट मांडून, पिशवी मोकळी करून माझी वाट पाहत बसलात. मी चुकीचं लिहून आणलं तरी तुम्ही एकदाही ते स्वतःच्या हाताने खोडलं नाहीत, मला खोडायला लावलंत. काकूंनी दर वेळी आंबोळी खाऊ घातली, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

पिशवी धुऊन, वाळवून, घडी घालून तयार आहे. दक्षिण येमेनच्या झेंड्याची गुल्ली निसटली होती, ती शिंप्याकडून पुन्हा बसवून घेतली. शनिवारी घेऊन येते. आयर्लंडचा तेवढा माझ्याकडे राहू द्याल का? वाचनालयाच्या खिडकीला बांधायचाय. मुलांना एकदा अंगणात पाठवायचंय.

तुमची,
वाचनालयातली ताई