लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरच्या रेकॉर्डच्या पेट्या खाली येतात आणि 'जुन्या दुर्मीळ रेकॉर्ड, सगळ्या मिंट कंडिशन' अशा जाहिराती दिसू लागतात. त्यांतल्या कित्येक रेकॉर्ड विकायला काढण्याआधी घरातच 'स्वच्छ' केलेल्या असतात आणि खरे नुकसान तिथेच झालेले असते. ते टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र.

पेटीत दोन जातींच्या तबकड्या असतात. जड, कडक आणि हातातून सुटली की फुटणारी ती मिनिटाला 78 फेऱ्यांची, लाखेची. किंचित लवणारी, 33⅓ (म्हणजे एलपी) किंवा 45 फेऱ्यांची, ती व्हिनाइलची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालून पॉलिश तयार करतो ना, तोच हा पदार्थ. स्पिरिटचा बोळा 78च्या तबकडीवरून फिरवला की कापसाला काळे लागते आणि पुसणाऱ्याला वाटते मळ निघतोय. निघत असते ती रेकॉर्डच. एकदा आवाज कोरलेल्या खाचांचे काठ गेले की आवाज परत येत नाही.

धुवायची तर अशी: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या बिनवासाच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. त्यात मायक्रोफायबरचे फडके भिजवून घट्ट पिळायचे आणि खाचांच्या दिशेने गोल फिरवायचे, आडवा हात मारायचा नाही. लेबल कोरडे ठेवायचे, नाहीतर शाई फुटते आणि कागद सुटतो. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचे फडके फिरवून सावलीत उभी करून वाळवायची. नळाचे पाणी वापरू नये. ते वाळले की क्षार खाचांतच बसतात आणि पुढे तेच कुरकुरतात.

आता 'मिंट'बद्दल. जगभर चालणारी मोजपट्टी 'गोल्डमाइन' या अमेरिकी मासिकाची: मिंट, नियर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, जी आणि शेवटी पुअर. नियर मिंट प्रतीला जी किंमत येते, तिच्या साधारण निम्मी व्हीजी प्लसला आणि पाव व्हीजीला धरतात. 'जी' म्हणजे गुड असे वाचून फसू नये. ती शेवटपर्यंत वाजते एवढाच त्याचा अर्थ, वाजताना खरखर भरपूर. मिंट म्हणजे कधीच न वाजलेली. चाळीस-पन्नास वर्षे घरात ऐकलेली रेकॉर्ड मिंट असूच शकत नाही.

दर्जा ठरवताना ट्यूबलाइटखाली पाहू नये. तो पसरट उजेड बारीक ओरखडे लपवतो. एकच बल्ब लावून तबकडी तिरकी धरावी आणि हळूहळू फिरवावी. ओरखडा दिसला की त्यावरून नख अगदी हलके न्यावे. नख अडले नाही तर बहुधा तो ऐकूही येत नाही. अडले तर एलपीवर दर 1.8 सेकंदांनी 'टक्' येणार, कारण एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. लेबलवर भोकाभोवती रेषांचे जाळे दिसले तर तबकडी पुष्कळदा वाजली आहे. झीज आधी आतल्या भागात ऐकू येते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर जाते, लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढ्याच आवाजाची नक्षी तिथे दाटीने बसवलेली असते, म्हणून शेवटच्या गाण्यात 'स'चा उच्चार फाटतो. घाईत असाल तर निदान तेवढा भाग वाजवून पाहा.

परदेशी मोजपट्टी इथे जशीच्या तशी लावता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. भरगच्च वाद्यमेळाच्या चित्रपटगीतात व्हीजी दर्जा खपून जातो. विलंबित ख्यालाची एलपी असेल तर मागे नुसता तानपुरा असतो, आणि त्या शांततेत प्रत्येक कचकच कानात घुसते. भोक जरा सरकलेले असले तरी प्रत्येक फेरीला सूर वरखाली होतो. तानपुऱ्याच्या षड्जात हे लगेच कळते. म्हणून शास्त्रीय संगीताची रेकॉर्ड नुसती पाहून नव्हे, ऐकूनच तोलावी.

78ची तबकडी मडक्यासारखी वाजवून घ्यावी. मधल्या भोकात बोट घालून लोंबती धरायची आणि कडेजवळ बोटाच्या पेराने टिचकी मारायची. अखंड असेल तर खणखणते, तडा असेल तर बद्द आवाज येतो. केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नाही, पण अशी सापडते.

सुईचीही गफलत होते. 78च्या खाचेला सुमारे 75 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टोक लागते, एलपीला 18 ते 25. एलपीची सुई 78वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि नुसता खरखराट येतो. विकणारा मग चांगली तबकडी रद्दीच्या भावात देऊन टाकतो. उलट चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही ठेवू नये. दोन-तीन ग्रॅम भाराची सवय असलेल्या व्हिनाइलवर पोलादी पिनेचा शंभर ग्रॅमहून जास्त भार पडतो आणि एका वाजवण्यात तबकडी कामातून जाते.

जाहिरात देणाऱ्यांनी कव्हर आणि तबकडी यांचा दर्जा वेगवेगळा लिहावा. दर्जा पाहून ठरवला की वाजवून, तेही सांगावे. लेबलवरच्या क्रमांकासोबत लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही द्यावा. एकच ध्वनिमुद्रण पुढे अनेकदा पुन्हा छापले गेले आहे, आणि प्रत कोणत्या छपाईची याचा माग त्या कोरलेल्या आकड्यांवरून काढता येतो. आणि ज्यांना इतक्यात विकायचे नाही, त्यांनी पेटी पुन्हा पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नये. रेकॉर्ड आतल्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर, उभ्या आणि सरळ ठेवाव्यात. पातळ प्लॅस्टिकच्या जुन्या पिशव्या तबकडीला चिकटून धुरकट डाग पाडतात, त्या आजच काढून साध्या कागदाची पाकिटे घालावीत.

आपला,
एक वाचक, पुणे