‘सुसंगत’ म्हणजे बरोबर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्यातील नात्यांची संगणकाला कळेल अशी मांडणी, केली की डेटाची तपासणीही आपोआप होते असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी सदोष याद्या पास होतात.

‘प्रत्येक दवाखाना एकाच वॉर्डात’ हा नियम आउल (OWL) या ऑन्टॉलॉजीच्या भाषेत लिहिला आणि एका दवाखान्यापुढे जी-उत्तर व जी-दक्षिण हे दोन्ही वॉर्ड पडले, तर रीझनर, म्हणजे नियमांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, चूक दाखवत नाही. दादर-माहीम-धारावीचा वॉर्ड आणि वरळी-प्रभादेवीचा वॉर्ड एकच, असे तो ठरवून टाकतो! दोन्ही वेगळे आहेत हे स्पष्ट लिहिले असेल तरच तो अडतो. वॉर्ड लिहायचाच राहिला, तरी ‘असेल कुठला तरी’ असे धरून पुढे जातो. आउल आहे निष्कर्ष काढण्यासाठी. राखणदारी त्याचे काम नाही.

ते काम शॅकलचे (SHACL), म्हणजे डेटा तपासण्याचे नियम लिहिण्याच्या भाषेचे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी (W3C) संस्थेने २०१७ मध्ये मानक केलेल्या या भाषेत ‘किमान एक, कमाल एक’ लिहिले की दोन्ही चुका नोंदीसकट हाती येतात. हे नियम चालवणारी पायशॅकल आणि अपाचे जेना ही साधने मोफत आहेत.

मात्र नियमांच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे संकल्पनांच्या नावांआधी लागणाऱ्या वेब-पत्त्यात, ‘एचटीटीपी’ऐवजी ‘एचटीटीपीएस’ पडले, तर नियम एकाही नोंदीला लागत नाही आणि अहवाल म्हणतो, सर्व ठीक. म्हणून किती नोंदी तपासल्या जाणार, हे आधी मोजावे. ऑन्टॉलॉजीची फाइल डेटात मिसळली नाही, तर प्रसूतिगृह हा दवाखान्याचा उपवर्ग आहे हे साधनाला कळत नाही. तेवढ्या नोंदी सुटतात.

मराठी नावांचा घोळ वेगळाच. नियमात डेटाटाइप ‘स्ट्रिंग’, म्हणजे साधा मजकूर, ठेवला, तर ‘एमआर’ (मराठी) हा भाषेचा टॅग असलेले नाव नापास होते, कारण टॅग लागताच प्रकार ‘लँगस्ट्रिंग’, म्हणजे भाषा नोंदवलेला मजकूर, होतो. अशा वेळी सर्रास टॅगच काढले जातात. कृपा करून तसे करू नये, नियम बदलावा. पिनकोडच्या नमुन्यात ‘बॅकस्लॅश-डी’ (कोणताही अंक) असेल, तर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत देवनागरी आकडेही पास होतात आणि पुढे इंग्रजी आकड्यांशी जुळत नाहीत.

सार्वजनिक डेटाच्या निविदेत नियमांची फाइल, मुद्दाम चुका पेरलेल्या वीसेक नोंदी आणि त्यांचा अहवाल मागावा. पेरलेली प्रत्येक चूक पकडली गेली, तरच खरा डेटा तपासायला घ्यावा.

— डेटा क्षेत्रातील काही वाचक, दादर, मुंबई