सूचना: मंचप्रदर्शनाचा सराव, रविवारी सकाळी ८.३० वाजता

सर्वांना नमस्कार. एम. ए. (गायन)च्या मंचप्रदर्शनाचा सराव येत्या रविवारी नेहमीच्या जागी होईल. आपला राग, बंदिशींचे ताल आणि पट्टी (गाण्याचा आधारस्वर) शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, म्हणजे त्या पट्टीचा तबला आणता येईल. रागसमयाचा नियम सरावापुरता बाजूला. मालकंस हा रात्रीचा राग सकाळीही चालेल. मात्र मालकंसात पंचम (प) नसल्याने तो गाणाऱ्यांनी तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात (म) लावून, जवारी (तारेचा गुंजणारा नाद) तपासूनच बसावं. मंचावर खुंट्या पिळत बसलात तर तो वेळ तुमच्याच गाण्यातून जाणार. १२ मात्रांच्या विलंबित (संथ) एकतालात आलापी रंगली की घड्याळाचं भान राहत नाही, हे मान्य. तरी द्रुत (जलद) बंदिशीसाठी वेळ राखाच. उशिरा येणाऱ्यांचा क्रम शेवटी लागेल. चहा मिळेल.