दम खाताना तरी मशीन सोडा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत शहरातल्या जिमवर अख्खं पान वाचलं. तरुण पोरं-पोरी व्यायामाकडे वळतायत याचा आनंद मलाही आहे. पण एवढ्या मोठ्या पानात तिथल्या वागणुकीबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

माझी पन्नाशी उलटली आहे. हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, नुसतं चालून भागणार नाही, वजनं घेऊन व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून घराजवळच्या जिममध्ये पैसे भरले. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते. फी सगळ्यांएवढीच भरते, तेव्हा मशीन मागताना मी कुणाकडे उपकार मागत नाही.

परवा संध्याकाळी लॅट पुलडाउनवर, म्हणजे बसून वरचा दांडा खाली खेचायच्या मशीनवर, एक मुलगा बसला होता. एक सेट मारायचा, म्हणजे लागोपाठ दहा-बारा वेळा खेचायचं, आणि तिथेच बसून मोबाइलवर रील बघायचे. टॉवेल बेंच प्रेसवर (उताणं झोपून वजन उचलायच्या बाकावर), पाण्याची बाटली केबल मशीनपाशी. तीन जागा एकट्याने अडवलेल्या. मी विचारलं, "दादा, तुझा दम खाऊन होईपर्यंत मी एक सेट मारून घेऊ का?" मान वर न करता अहिराणीत म्हणाला, "काकू, आखो दोन सेट बाकी शेतस." म्हणजे अजून दोन बाकी आहेत. दोनाचे चार झाले. पुन्हा विचारलं तर म्हणे, "तुम्हाला हलकंच लागतं ना, तिकडे लहान डंबेल्स आहेत, ते घ्या." बाजूचे दोघं हसले. ट्रेनरने ऐकलं आणि तोंड फिरवलं. त्या मुलापेक्षा मला ट्रेनरचा राग जास्त आला.

जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं विश्रांती लागते, ती त्याने जरूर घ्यावी. पण दहा-बारा वेळा खेचायला मिनिटभर पुरतं. मशीनवर किती वजन खेचायचं ते ठरवणारी पिन काढून माझ्या वजनाला लावायची, झालं की परत त्याच्या वजनाला लावून द्यायची. त्याच्या एका विश्रांतीत माझा सेट आरामात बसतो आणि त्याचा एक क्षणही वाया जात नाही. आलटून पालटून करायला हरकत काय आहे, हे मला कुणी समजावून सांगावं.

शेवटी तो उठला तेव्हा मी बेंच प्रेसकडे गेले होते. तिथे आधीचा कुणी दोन्ही बाजूंना २० किलोच्या दोन-दोन प्लेट तशाच टाकून गेलेला. रिकामा बारच २० किलोचा, म्हणजे सगळं मिळून १०० किलो. एका बाजूच्या दोन्ही प्लेट आधी काढल्या तर बार दुसऱ्या बाजूला कलंडतो, म्हणून एक इकडची, एक तिकडची करत चारही उतरवायच्या. ओझं घेऊन कमरेतून वाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलेल्या बाईने हे करायचं! रेक्झिनवर पाठीच्या आकाराचा घाम तसाच. घाम पुसायला टॉवेल आणायचा असतो, जागा धरायला नव्हे. गजकर्णासारखे त्वचारोग अशाच ओल्या, सगळ्यांनी वापरायच्या वस्तूंवरून पसरतात.

माझे वडील तालमीत जायचे. आखाड्याची माती खणायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळायची, हे काम पैलवान स्वतः करत. आपल्यानंतर त्याच मातीत दुसरा उतरणार आहे, हे लहान पोरालाही ठाऊक असे, आणि विसरलाच तर वस्ताद कान धरत. आमच्या जिमच्या भिंतीवर चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींचा फोटो आहे. २०१४ ते २०१६ सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, आपल्या खानदेशचा अभिमान. फोटो लावला, तर तालमीची शिस्तही आणा.

जिमचालकांना माझं सांगणं आहे की संध्याकाळच्या गर्दीत मशीनवर बसून मोबाइल चालणार नाही, प्लेट जागेवर ठेवाव्या लागतील, विचारणाऱ्याला मध्ये सेट मारू द्यावा लागेल, असा फलक लावा. आणि नुसता फलक लावून थांबू नका. ट्रेनरने तोंड उघडून सांगितलं पाहिजे, बाई विचारत असेल तर आधी.

मला कुणी म्हणतं, एवढा त्रास होतो तर बागेतल्या ओपन जिमला जा. गेले होते. एका सायकलचं पेडल तुटलेलं, चालायच्या मशीनचा एक पाय जाम, आणि मे महिन्यात सकाळी नऊलाच लोखंडाला हात लावता येत नाही, कारण वर छप्परच नाही. ही साधनं बसवली तेव्हा उद्घाटनाचा फोटो तुमच्याच अंकात पहिल्या पानावर होता. आता त्याच जागी बातमीदाराला पुन्हा पाठवा. काय काय मोडलंय ते दाखवायला मी स्वतः येते.

आपली,
एक नियमित वाचक, देवपूर, धुळे