रविवारी सकाळचा जादा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी शाळांतल्या प्रार्थनेवरून आपल्या पत्रांच्या सदरात गेल्या महिन्यात दोन पत्रं आली होती. एका गृहस्थांचं म्हणणं, शाळा सरकारी आहे तर तिथं सरस्वतीचा फोटोही नको, अल्पसंख्याक मुलांची मनं दुखतात. दुसऱ्यांचं म्हणणं, हे संस्कार आहेत, यात कुणाचं काय दुखायचं? दोन्ही पत्रं माझ्या गिरणीच्या ओट्यावर मोठ्यानं वाचली गेली. दळणाला आलेल्या एकानं माझ्याकडे बघून विचारलं, "काय ताई, दुखतं का?" गिरणी चालू होती, त्यामुळे ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं. खरं म्हणजे उत्तर जरा लांबलचक होतं. म्हणून हे पत्र.

मी नेवासे तालुक्यातल्या एका गावची. वय ४४. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी १९८८ साली पहिलीत बसले आणि आज माझी मुलगी त्याच शाळेत आठवीत आहे. म्हणजे ज्यांच्या मनाबद्दल दोन्ही पत्रलेखक बोलत होते, ती मुलगी मी आहे आणि माझ्या घरात आणखी एक आहे. आम्हा दोघींना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

शाळा धर्मनिरपेक्ष असं आपण म्हणतो, पण तिथं पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न येतो तो धर्माचाच. माझं नाव घालायला अण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन गेले होते. हेडमास्तरांनी जनरल रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि पेन थांबवून म्हणाले, "धर्म-जात काय टाकू? नीट विचार करून सांग." त्या "नीट विचार करून"चा अर्थ मला पुढे कळला. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये शिखांना मिळाल्या, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेला महार-मांग कागदावर जातीतून सुटतो, गावात सुटत नाही. आमच्यासारख्यांना राज्यात ओबीसीत धरतात, पण ती गोष्ट वेगळी. हेडमास्तर माणूस चांगला होता, पोरीची शिष्यवृत्ती जाऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. अण्णा बराच वेळ टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ख्रिश्चन लिहा, गुरुजी."

माझ्या चुलत्यांनी त्यांच्या मुलाच्या वेळी तसं लिहिलं नाही. घरी त्याला बाप्तिस्म्याच्या नावानं हाक मारायची, शाळेत वेगळं नाव. त्याला वसतिगृह मिळालं, पुढे नोकरी मिळाली. शाळेतला कुणी बघेल या भीतीनं तो रविवारी देवळात यायचा बंद झाला. (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.) मी गिरणी चालवते. त्याच्यावर दगड उचलावा असं मला कधी वाटलं नाही. शब्बाथशाळेत, म्हणजे देवळात मुलांसाठी भरणाऱ्या बायबलच्या वर्गात, आम्हाला दानीएलाची गोष्ट सांगायचे. बाबिलोनच्या राजानं यहुदी पोरांना धरून नेलं, आपली भाषा आणि विद्या शिकवली, आणि पहिली गोष्ट कुठली केली तर त्यांची नावं बदलली. ती गोष्ट ऐकताना मला कायम तो भाऊच दिसायचा. दानीएल मात्र राजाच्या ताटातलं जेवला नाही, शाकभाजी आणि पाण्यावर राहिला, आणि त्या दरबारच्या विद्येत पहिलाही आला. शेवटचा भाग पाळकसाहेब, म्हणजे आमच्या देवळाचे धर्मगुरू, जोर देऊन सांगत, कारण आमच्यातले निम्मे गणितात नापास असायचे.

राजाच्या ताटाचा प्रश्न आमच्यापुढे दर दसऱ्याला यायचा. आदल्या दिवशी पाटीपूजन, पाटीवर एक आकड्यांची सरस्वती, झेंडूची फुलं आणि मग गूळ-खोबरं. पाळकसाहेबांचं मत स्पष्ट होतं, मूर्तीपुढचं खायचं नाही. आजीचं मत निराळं. बायबलात पौलानं करिंथकरांना लिहिलेलं पत्र आहे, त्यातलं ती तिच्या पद्धतीनं सांगायची. अन्नानं कुणी देवाजवळ जात नाही की लांब जात नाही, पण आपल्या खाण्यानं दुसऱ्याचा पाय घसरू नये. "देवापुढून उचलून खाऊ नको. मैत्रिणीनं तिच्या हातानं दिलं तर मैत्रिणीचं म्हणून खा." मी सहा-सात वर्षांची. हा फरक मला काय कळणार? पण मैत्रिणीला कळला. ती गूळ-खोबरं मुठीत घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर यायची आणि तिथं मला द्यायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्रास झालाच नाही असं म्हणणार नाही. दुसरीत एका गुरुजींनी मला सरस्वतीला ओवाळायला पुढं बोलावलं. मी हात मागं बांधून उभी राहिले तर म्हणाले, "इंग्रजांचा देव लागतो का तुला?" सगळा वर्ग हसला. माझ्या आजीनं आयुष्यात एकच गोरा माणूस पाहिला होता, तो मिशन दवाखान्यातला डॉक्टर आणि तोही अमेरिकन. जात्यावर ती येशूच्या ओव्या म्हणायची. आमच्या देवळात नाताळच्या रात्री टाळ-मृदंगावर भजन होतं, करंज्या होतात आणि गल्लीतल्या सगळ्या घरांत ताट जातं. हे गुरुजींना माहीत नव्हतं असं नाही, त्यांच्याही घरी ताट जात होतं.

चौथीला नवीन बाई आल्या. परिपाठाला सगळे हात जोडून प्रार्थना म्हणत, मी हाताची घडी घालून उभी राहायची. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ते बघितलं. वर्गासमोर काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत हापशावर पाणी पिताना जवळ आल्या आणि विचारलं, "सगळे प्रार्थना म्हणतात तेव्हा तू मनात काय म्हणतेस?" मी म्हटलं, काही नाही. "घरी काय म्हणता तुम्ही?" मी सांगितलं, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. "केवढी आहे?" म्हटलं, मिनिटभराची. "मग तेवढ्या वेळात ती म्हणून घे की. नुसतं उभं राहून काय करतेस?"

संपादक महाशय, एवढंच झालं. तोवर माझी प्रार्थना म्हणजे रात्री आजीनं म्हणायची आणि मी अर्धवट झोपेत तिच्यामागं म्हणायची. स्वतःची म्हणून मी पहिली प्रार्थना केली ती जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानात, चारही बाजूंनी दुसरी प्रार्थना चालू असताना. पुढे मंडळीत माझं दृढीकरण झालं, म्हणजे आपला विश्वास मी सगळ्यांपुढे स्वतःच्या तोंडानं कबूल केला. त्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं की विश्वास कधी पक्का झाला, तेव्हा खरं उत्तर द्यायला मला लाज वाटली होती.

त्याच बाईंनी परिपाठात बोधकथा सांगायला माझा नंबर लावला. मी येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. लुटारूंनी मारून वाटेवर अर्धमेला टाकलेला माणूस, त्याच्याकडे बघून पुढं गेलेले दोघे धर्मवाले, आणि ज्याच्या सावलीलाही लोक उभं राहत नसत त्यानं बांधलेल्या त्याच्या जखमा. येशूचं नाव मी घेतलं नाही, धाडस झालं नाही. गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं, "लुटारू घावले का?" याचं उत्तर लूकच्या शुभवर्तमानात नाही. मी आजही ते शोधते आहे.

बाईंनी आमची सहल नेवाशाला नेली, पैस खांब दाखवायला. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ती जागा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मी जावं की नाही यावर घरात बोलणं झालं. आजी म्हणाली, "जा. ज्ञानोबाच्या भाषेतच आपण देवाला हाक मारतो." नगरला राहून अभंग लिहिणारे रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, हे तिला पाठ होतं. खांबापुढे मी हात जोडले की नाही, हे मला खरंच आठवत नाही. दशम्या खाल्ल्या हे आठवतं.

आता कायद्याचं. बाईंनी जे केलं ते राज्यघटनेत आहे हे मला मोठेपणी समजलं. कलम २८. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिकवणीला किंवा उपासनेला त्याच्या संमतीशिवाय, मूल लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, बसवायचं नाही. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं, कारण राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत पण आपल्या श्रद्धेमुळे म्हणत नसत. ती यहोवा विटनेस पंथाची. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. मी स्वतः राष्ट्रगीत खड्या आवाजात म्हणते आणि त्या पंथाचं मला बरंच काही पटत नाही. पण गप्प उभं राहणं म्हणजे अपमान नव्हे, हे न्यायालयानं सांगितलं तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. दुसरीतल्या त्या गुरुजींपर्यंत ते पोचलं नसावं.

आणि हे कलम वाचलं की आमच्या लोकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. अनुदान घेणाऱ्या आमच्या मिशनच्या शाळांतही हिंदू-मुसलमान मुलं रोज सकाळी आमच्या प्रार्थनेला उभी असतात. त्यांना मधल्या सुट्टीत जवळ घेऊन कुणी विचारतं का, की तू मनात काय म्हणतोस? नातेवाईक मला म्हणतात, पोरीला नगरला मिशन शाळेत टाक, विश्वासात राहील. मला ते पटत नाही. जिथं सगळेच डोळे मिटतात तिथं आपले का मिटले हे कळायला वेळ लागतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मुलीची एनएमएमएसची, म्हणजे आठवीतल्या मुलांसाठी असलेली शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. पास होऊन यादीत नाव आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. आमच्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही. त्यासाठी वर्गाचे सर जादा तास घेतात, रविवारी सकाळी साडेआठ ते अकरा. आमची उपासना नऊला. सरांबद्दल मला तक्रार करायची नाही. स्वतःची सुट्टी मोडून ते १४ किलोमीटर मोटारसायकलवरून येतात, एक रुपया घेत नाहीत. मुलीनं वेळ बदलायचं विचारलं तर म्हणाले, "एकीसाठी तीस जणांचं कसं बदलू?" त्यांचंही बरोबर. मग ती एक रविवार तासाला जायची, एक रविवार देवळात. तासाला गेली की देवळाची घंटा ऐकू येते म्हणायची, आणि देवळात बसली की गणित चुकणार वाटतं म्हणायची. तेरा वर्षांचं पोर.

परीक्षाही रविवारीच असते, बहुतेकदा नाताळच्या तोंडावर. त्याचं मी काही म्हणत नाही, शाळा रिकाम्या लागतात, वर्षातून एकदा देव समजून घेतो. मागच्या वर्षी पाळकसाहेबांनी परीक्षेच्या मुलांसाठी सकाळी सातलाच प्रार्थना घेतली होती. प्रश्न दर रविवारचा आहे.

शेवटी मीच सरांना गाठलं, ते दळण घेऊन आले तेव्हा. बाईंची गोष्ट सांगितली. सर म्हणाले, "मला वाटलं एकटीचाच प्रश्न आहे. मी कधी विचारलंच नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तास घेऊ म्हणाले तर दहा-बारा मुलं नाही म्हणाली, त्यांना कापूस वेचायला जावं लागतं. एकाला रविवारी सकाळी बापाबरोबर घोडेगावच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसावं लागतं आणि तो निम्मा तास बुडवतो, हेही तेव्हाच बाहेर आलं. भाजीवाला हिंदू आहे. बारा वाजता घेतला तर चालेल का, असं विचारल्यावर सगळ्यांचं जमलं.

सरस्वतीचा फोटो ठेवा की काढा, ते तुम्ही मोठी माणसं ठरवा. माझं मागणं आपल्या पत्रातून मुख्याध्यापकांपर्यंत जावं एवढंच आहे. जूनमध्ये शाळा उघडली की एकदा प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन विचारा, तुझा कुठला वार, कुठली वेळ, कुठली गोष्ट अडते. रजिस्टरमध्ये धर्म विचारताच आहात, तर त्याच्यापुढचा प्रश्नही विचारा.

या रविवारपासून तास बाराला आहे. सरांना एक निरोप आहे, तोंडावर सांगायचा राहिला. दळण शनिवारीच आणून टाकावं. रविवारी गिरणी बंद असते.

आपली,
एक वाचक, नेवासे तालुका
(मुलगी अजून शाळेत आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)