मेधास पत्र: सईचं कॉलेज आणि पावणेचार लाख डॉलर

११ एप्रिल २०२६

प्रिय मेधा,

तुझा मेसेज वाचला. मेसेज कसला, रात्री अडीचला लिहिलेला निबंधच होता तो. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि विषय हमखास तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर जाऊन थांबतो. म्हणून लिहायलाच बसले.

आधी सईचं मनापासून अभिनंदन. या सगळ्या गोंधळात तिला कुणी नीट शाबासकी दिली की नाही, कोण जाणे. ज्या आयव्ही लीग विद्यापीठाचं (अमेरिकेतल्या हार्वर्डसारख्या आठ नामवंत खासगी विद्यापीठांपैकी एक) नाव ती नववीपासून घेत होती तिथे प्रवेश मिळाला, आणि आपल्या स्टेट युनिव्हर्सिटीने ट्यूशन, राहणं, जेवण सगळं देऊन ऑनर्स कॉलेजात, म्हणजे निवडक मुलांच्या खास तुकडीत, बोलावलं. पोरीने दोन्हीकडे बाजी मारली आणि तुमच्या घरात मात्र सुतक असल्यासारखं वातावरण!

तू विचारलंस, ‘माझ्या जागी तू असतीस तर?’ आडपडदा न ठेवता सांगते: मी स्कॉलरशिप घेतली असती. पण माझ्या उत्तरापेक्षा मी तिथवर कशी आले ते वाच. कदाचित तुझं उत्तर वेगळं निघेल.

विवेक म्हणतोय ना, की स्टेटचं पत्र दाखवून तिकडून काहीतरी कमी करून घेऊ? ते होणार नाही. आठही आयव्ही विद्यापीठं गुणवत्तेवर पैसे देतच नाहीत, फक्त गरज बघून देतात. दुसरीकडची मेरिट स्कॉलरशिप दाखवून तिथे घासाघीस चालत नाही. उत्पन्न घटलं असेल, नोकरी गेली असेल, मोठं आजारपण आलं असेल, तर कागदपत्रं जोडून फेरविचार मागता येतो आणि तो जरूर मागावा. पण तुमचं तसं काही नाही. गेल्या वर्षी हार्वर्डने दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केल्याची बातमी तूच मला पाठवली होतीस, आठवतं? तुमचं दोघांचं मिळून त्याच्या वर जातं. ना धड श्रीमंत ना धड गरजू, असे आपण सगळे. दोन वर्षांनी अर्णवही कॉलेजात जाईल तेव्हा सवलत मिळेल या आशेवरही राहू नकोस. एका वेळी दोन मुलं कॉलेजात असली की मदत ठरवायच्या सरकारी सूत्रात घरच्यांनी भरायचा वाटा विभागला जायचा, ते २०२४-२५ पासून बंद झालंय. काही खासगी विद्यापीठं स्वतःच्या हिशोबात अजून ते धरतात. तेवढं मात्र फायनान्शियल एड ऑफिसला लेखी विचार.

आता आकडा. वर्षाला नव्वद हजारांच्या वर, दरवर्षी थोडी वाढ, म्हणजे चार वर्षांचे पावणेचार लाख धर. तुमच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचतीत) साधारण दीड वर्षाची सोय आहे म्हणालीस. सईला स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळेल ते चार वर्षांत मिळून २७,००० डॉलर. पालकांसाठीचं पेरेंट प्लस कर्ज पूर्वी उरलेल्या सगळ्या खर्चाइतकं मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० एवढंच मिळणार आहे. त्याचं व्याज २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात ८.९४ टक्के आहे. एवढं सगळं करूनही दीड लाखाच्या आसपास उरतातच. ते पगारातून, घरावर कर्ज काढून किंवा ४०१-के, म्हणजे निवृत्तीची बचत, मोडून. विवेक त्रेपन्न वर्षांचा आहे, मेधा.

हे पैसे तुमच्या बँकेत नुसते पडून असते तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. जा म्हटलं असतं, खुशाल.

‘पण नावाचा फायदा होतोच ना?’ हा तुझा प्रश्न खरा आहे, आणि ‘कॉलेज कुठलंही असो, मूल हुशार पाहिजे’ असलं गुळमुळीत उत्तर मी देणार नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी २००२ मध्ये एक अभ्यास छापला. सारख्याच तोलाच्या कॉलेजांत प्रवेश मिळालेली मुलं त्यांनी घेतली: काही नावाजलेल्या ठिकाणी गेलेली, काही तिथला प्रवेश सोडून कमी नावाजलेल्या ठिकाणी गेलेली. पुढे त्यांच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. गरीब घरातल्या मुलांना मात्र नावाजलेल्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला. मग २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ आयव्ही आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशी बारा विद्यापीठं घेऊन वेटलिस्टवरची (प्रतीक्षायादीतली) मुलं तपासली: काहींना शेवटी प्रवेश मिळालेला, काहींना नाही. सरासरी कमाईत इथेही फार फरक नाही. पण अगदी वरच्या एक टक्का कमावणाऱ्यांत जाण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, मोठ्या नावाच्या कंपन्यांत लागण्याची जवळजवळ तिप्पट. म्हणजे नाव चालतं, पण ठरावीक दरवाज्यांवर. वॉल स्ट्रीट, मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या, असे ते दरवाजे. सईने त्यातलं काही म्हटलं असतं तर मीही दोनदा विचार केला असता.

ती म्हणतेय डॉक्टर व्हायचं. मेडिकल स्कूलवाले आधी जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) बघतात. आणि खरा खर्च तिथे आहे! पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज याच १ जुलैपासून नव्या विद्यार्थ्यांना बंद होतंय. मेडिकलला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाखांपर्यंतच मिळेल. कित्येक मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च याच्या बराच वर जातो. तुमचं ५२९ तेव्हा चालतं. तोवर हात लावू नकोस. अर्णवला लागलं तर लाभार्थी म्हणून त्याचं नाव घालता येतं, आणि स्कॉलरशिपच्या रकमेइतके पैसे काढले तर दहा टक्के दंड लागत नाही, फक्त नफ्यावर कर लागतो. तू विचारलं होतंस म्हणून सांगितलं.

आता जे तू लिहिलं नाहीस त्याबद्दल. मला वाटतं तुझी झोप उडालीय ती आकड्यांमुळे नाही. सई नववीत असताना तू तिला म्हणालीस, ‘तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू.’ मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी होते तेव्हा. आपल्या आईबाबांनीही आपल्याला हेच सांगितलं होतं, आणि ते त्यांनी पाळलंही, कारण तेव्हा कॉलेजची फी त्यांच्या पगारात बसत होती. तोच शब्द तू इथे अमेरिकेत दिलास, जिथे एका वर्षाची फी आपल्यातल्या कित्येकांच्या वर्षभराच्या पगाराएवढी आहे. आता नाही म्हटलं तर शब्द मोडतो, हो म्हटलं तर कंबर मोडते. बरोबर ना?

तिच्यापासून आकडे लपवून ‘जा बेटा’ म्हणू नकोस, आणि आकडे लपवून ‘नको’ही म्हणू नकोस. अठराची होतेय ती. टेबलावर कागद घे, वर लिहिलेलं सगळं मांड, तुमचं रिटायरमेंट, सासूबाईंचं औषधपाणी, अर्णव, सगळं. मग तिलाच विचार की मेडिकलचं वर्ष आलं की काय करायचं. ‘आम्ही बघू’चा अर्थ ‘वाटेल ते कर्ज काढू’ असा कधीच नव्हता, हे तिला तुझ्या तोंडून कळू दे. ती रडेल. रडू दे. दहा वर्षांनी तुमच्या हप्त्यांचं तिला कुणाकडून तरी कळण्यापेक्षा ते बरं. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य घरात कधी उच्चारावं लागू नये असं वाटत असेल, तर तेवढं करू नये, असं माझं आपलं मत.

स्कॉलरशिपचं पत्र मात्र डोळ्यांत तेल घालून वाच. जे अभिनंदनाच्या पानावर नसतं, ते मागच्या अटींत असतं. टिकवायला जीपीए किती लागतो? चारपैकी ३.५ असेल तर प्रीमेडवाल्यांना (मेडिकलची पूर्वतयारी करणाऱ्यांना) ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सेमिस्टरला घाम फुटतो. एकदा खाली गेलं तर सावरायला एक सेमिस्टर देतात की लगेच बंद? रक्कम ठरावीक डॉलरांत आहे की ट्यूशन वाढली की तीही वाढते? मेजर (मुख्य विषय) बदललं तर? राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात त्यावर कर लागतो, तो तिच्या उत्पन्नात धरतात. ट्यूशन आणि पुस्तकांवर नाही. दरवर्षी थोडा भुर्दंड बसेल, तो धरून चल. एपीचे (शाळेतच केलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांचे) क्रेडिट किती घेतात तेही विचार. स्टेटवाले सहसा सढळ असतात, पण काही मेडिकल स्कूल प्रीमेडच्या विषयांसाठी एपी धरत नाहीत, त्यामुळे बायोलॉजी-केमिस्ट्री सोडायच्या भानगडीत तिने पडू नये.

आमच्या अनिशचं तुला माहीतच आहे. त्यानेही दोन वर्षांपूर्वी हाच रस्ता घेतला. सगळं गोड झालं असं नाही. पहिलं सेमिस्टर तो मित्रांचे दगडी इमारतींपुढचे फोटो बघत कुढत बसायचा, आणि मी काही बोलले की खोलीचं दार लावून घ्यायचा. त्याला हव्या असलेल्या दोन कंपन्या त्याच्या कॅम्पसवर फिरकतच नाहीत, माजी विद्यार्थ्यांना स्वतः ईमेल लिहून तो दारं ठोठावत बसला. एका ठिकाणी उघडलं, एका ठिकाणी नाही. पण ऑनर्समुळे वर्ग लहान मिळाले आणि दुसऱ्याच वर्षी एका प्राध्यापिकेने त्याला आपल्या लॅबमध्ये घेतलं. सईने हेच बघायचं: पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तिथे लॅबमध्ये खरंच घेतात का, आणि प्रीमेडचा सल्लागार एकटा किती मुलांना बघतो. प्रवेश मिळालेल्यांचा दिवस असतो, त्याला दोन्हीकडे जाऊन या. सईला तुमच्याशिवाय एक रात्र डॉर्मवर राहू दे, वर्गात बसू दे. माहितीपत्रकात सगळीकडे तोच हिरवा लॉन असतो.

आणि मंडळातल्या बायकांचं म्हणशील तर पाडव्याच्या कार्यक्रमात मलाही तिघींनी विचारलं, ‘सई कुठे जातेय?’ मी म्हटलं, कॉलेजला. गाडीच्या मागच्या काचेवरच्या कॉलेजच्या नावाच्या स्टिकरसाठी पावणेचार लाख मोजायचे असतील तर मी स्टिकर छापून देते, पाच डॉलरला.

एवढं लिहूनही सई आकडे बघून म्हणाली की मला तिकडेच जायचंय, आणि तुम्हा दोघांना ते झेपतंय असं खरोखर वाटलं, तर मी एक शब्द बोलणार नाही. सामान हलवायला आमची मोठी गाडी घेऊन येईन.

कॉलेजला कळवायला १ मेपर्यंत वेळ आहे, पण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. स्कॉलरशिपच्या अटींची पानं मला स्कॅन करून पाठव, मोबाइलवरचे तिरके फोटो नकोत. रविवारी सकाळी मी मोकळी आहे. विवेकला नमस्कार, सासूबाईंना नमस्कार, आणि सईला सांग, मावशीने केलेल्या पुरणपोळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्यात, तिच्या वाटणीच्या.

तुझी,
नीलू